अमरांचे प्रेम आणि राजाचे ऋण : चंद्रवंशाच्या कथा व चिनी अमरलोक

म्हैसूरचा मंडी मोहल्ला हा त्या शहराचा जुना, बाजारपेठेचा भाग. ‘मंडी’ आणि ‘मोहल्ला’ हे दोन्ही शब्द बाहेरच्या भाषाव्यवहारातून येऊन कानडी शहराच्या अंगवळणी पडलेले. या वस्तीच्या कडेने जाणाऱ्या हमरस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. विजयादशमीच्या दिवशी राजवाड्यातून निघणारी जंबू सवारी याच सयाजीराव रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. पूर्वी हत्तीवरील सुवर्ण अंबारीत म्हैसूरचे महाराज विराजमान होत. १९७१ साली संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले. त्यानंतरच्या काळात सुमारे ७५० किलो वजनाच्या त्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होऊ लागली. राजा गेला, परंतु राजाची जागा रिकामी राहिली नाही. ती देवतेकडे गेली.

सिंहासन आणि अमरलोक यांच्यामधील ही देवघेव साहित्याला नवी नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तिच्याच एका रूपाशी निगडित आहे. सिंहासनाला बांधलेली व्यक्ती आणि अमरलोकातील व्यक्ती यांच्यात प्रेम निर्माण झाले, तर त्या प्रेमाला मनाई कोण करतो? ती मनाई कोण उठवतो? आणि या साऱ्याची किंमत कोण मोजतो? चिनी साहित्यात या प्रश्नांची एक दीर्घ परंपरा आहे, आणि ‘शियानशिया’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्या व दूरचित्रवाणी मालिकांमुळे ती अलीकडे चीनबाहेरही पोहोचली आहे. आपल्याकडे हेच आशयसूत्र चंद्रवंशाच्या कथांत आढळते. म्हैसूरचे राजघराणे स्वतःला यदुवंशी म्हणवीत असल्यामुळे, आणि यदू हा चंद्रवंशातीलच असल्यामुळे, या कथांचा विचार म्हैसूरपासून सुरू करण्यास एक आंतरिक कारणही आहे.

तुलनेचा हेतू कोणी कोणाकडून काय घेतले हे शोधण्याचा नाही. दोन्ही परंपरांत वरवर सारखी दिसणारी गोष्ट प्रत्यक्षात दोन वेगळ्या हिशोबांनी चालते, एवढेच दाखवावयाचे आहे.

१. चिनी अमरलोकाची घडण

‘शियान’ या चिनी संकल्पनेला ‘देव’ हा मराठी प्रतिशब्द देणे सोयीचे असले तरी अचूक नाही. ‘शियान’ या अक्षरचिन्हात ‘मनुष्य’ आणि ‘पर्वत’ ही दोन चिन्हे एकत्र येतात. पर्वतात जाऊन साधनेने अमरत्व मिळवलेला मनुष्य, असा त्याचा ध्वनी आहे. आपल्या कल्पनेतील देव बहुधा जन्मतः देव असतो. शियान हा प्रायः घडलेला असतो. ताओ परंपरेतील श्वासनियमन, औषधी रसायने आणि तप यांतून तो घडतो. ‘शिया’ म्हणजे न्यायासाठी शस्त्र धरणारा स्वतंत्र वीर. या दोन शब्दांच्या जोडणीतून ‘शियानशिया’ हे नाव सिद्ध होते. ह्वानचू लौचू या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने १९३२ पासून शू पर्वतावरील खड्गधारी साधकांची जी प्रदीर्घ कादंबरी लिहिली, तिला या प्रकाराची आधुनिक पूर्वज मानले जाते.

या साहित्यप्रकाराच्या परिभाषेत आपल्या ओळखीचा एक शब्द लपलेला आहे. अमरत्वाच्या मार्गावर साधकाला ज्या दारुण कसोट्यांतून जावे लागते, त्यांना ‘च्ये’ म्हणतात. प्रेमामुळे ओढवणारी कसोटी हा त्यांतीलच एक प्रकार. हा ‘च्ये’ म्हणजे संस्कृत ‘कल्प’ शब्दाच्या बौद्ध ग्रंथांतील चिनी लिप्यंतराचा संक्षेप होय. कल्पान्ती होणाऱ्या संहाराची कल्पना चिनी भाषेत जाऊन हळूहळू ‘आपत्ती’ व ‘कसोटी’ या अर्थांकडे झुकली. विश्वाच्या आयुष्याचे माप अशा रीतीने एका व्यक्तीच्या यातनेचे नाव झाले. हे अर्थांतर पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

राजा आणि अमरलोक यांच्या प्रेमसंबंधाचा चिनी साहित्यातील मूलाधार मात्र काल्पनिक नसून ऐतिहासिक आहे. तांग वंशाचा सम्राट शुआनत्सुंग (राज्यकाळ ७१२ ते ७५६) हा संगीत-नृत्याचा मोठा आश्रयदाता होता. त्याने राजवाड्यात वाढवलेल्या ‘नासपतीच्या बागे’तील कलावंतांवरून चिनी नटांना आजही त्या बागेचे शिष्य म्हटले जाते. यांग ग्वेफेय हिच्यावरील प्रेमात त्याचे राज्यकारभाराकडे दुर्लक्ष झाले, असा इतिहासकारांचा ठपका आहे. ७५५ साली आन लूशान याने बंड केले. पुढील वर्षी सम्राट राजधानी सोडून पळत असताना मावेय येथील मुक्कामी त्याच्याच सैनिकांनी पुढे जाण्यास नकार दिला आणि यांग ग्वेफेयच्या मृत्यूची मागणी केली. सम्राटाने ती मान्य केली. राज्य वाचवण्यासाठी प्रियेचा बळी देण्यात आला, आणि तो देताना राजा समोर होता.

बाय जूयी याने ८०६ साली या घटनेवर रचलेल्या दीर्घ काव्यात अमरलोक अवतरतो तो या मृत्यूनंतर. एक ताओ साधक मृत प्रियेच्या शोधात स्वर्ग व पाताळ धुंडाळतो, आणि समुद्रातील अमरांच्या बेटावर ती त्याला सापडते. ती सम्राटाकडे खूण म्हणून अलंकारांचे अर्धे तुकडे पाठवते आणि सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री दोघांनी घेतलेल्या शपथेची आठवण देते. त्या रात्रीलाही एक पूर्वकथा आहे. स्वर्गातील विणकरीण आणि पृथ्वीवरील गुराखी यांना आकाशगंगेच्या दोन तीरांवर दूर ठेवलेले आहे, आणि वर्षातून त्या एकाच रात्री मॅगपाय पाखरांच्या पुलावर त्यांची भेट होते. कथेच्या एका रूपात या शिक्षेचे कारण असे दिले जाते, की प्रेमात पडल्यावर विणकरणीच्या हातून विणकाम सुटले. कर्तव्याला चुकण्याची भाषा तेथेही आहे.

हुंग शंग (१६४५ ते १७०४) याने १६८८ साली पूर्ण केलेल्या ‘छांगशंग त्यान’ म्हणजे ‘दीर्घायुष्याचा प्रासाद’ या पन्नास प्रवेशांच्या नाटकात ही कथा एक पाऊल पुढे जाते. यांग ग्वेफेयचा आत्मा पश्चात्ताप करतो, विणकरीण तिच्यासाठी रदबदली करते, आणि शेवटी चंद्रावरील प्रासादात सम्राट व प्रिया यांचे अमर म्हणून पुनर्मीलन होते. पृथ्वीवर राजकर्तव्याने जे मोडले ते चंद्रावर सांधले गेले. या नाटकाच्या भाग्यात मात्र असा सांधा नव्हता. १६८९ साली सम्राज्ञीच्या निधनाच्या सुतकात त्याचा प्रयोग झाला म्हणून हुंग शंगवर कारवाई झाली आणि त्याचा राजकीय उत्कर्षाचा मार्ग कायमचा बंद झाला. राजकर्तव्यामुळे भंगलेल्या प्रेमावरील नाटकाला राजदरबारी शोकाचा नियम मोडल्याबद्दल शासन व्हावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

२. पुरूरवा : वेतन म्हणून मिळालेले प्रेम

या पार्श्वभूमीवर चंद्रवंशाच्या आरंभी उभ्या असलेल्या पुरूरव्याकडे पाहावे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९५ वे सूक्त हा पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे, आणि तो विरहातच संपतो. शतपथ ब्राह्मणात या संवादाभोवती कथा रचलेली आहे : उर्वशीच्या अटी, गंधर्वांनी केलेला कपटप्रयोग, अट मोडणे, वियोग, आणि अखेर अग्निविधीच्या द्वारे पुरूरव्याचे स्वतः गंधर्व होणे. तेथे मर्त्याला अमरलोकाकडे चढून जावे लागते, आणि म्हणूनच ते रूप चिनी साधनाकल्पनेच्या बरेच जवळ येते.

कालिदासाने ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात या कथेची रचना मुळातून बदलली. मनाईचा उगमच त्याने रंगभूमीवर नेऊन ठेवला. स्वर्गात भरतमुनींच्या दिग्दर्शनाखाली लक्ष्मीस्वयंवराचे नाटक चालू आहे आणि लक्ष्मीची भूमिका उर्वशीकडे आहे. ‘तुझे मन कोणावर?’ या प्रश्नाला ‘पुरुषोत्तमावर’ असे उत्तर अपेक्षित असताना तिच्या तोंडून ‘पुरूरव्यावर’ असे निघून जाते. भरत तिला शाप देतो. इंद्र त्या शापाला मर्यादा घालतो : पुरूरव्याला तिच्यापासून झालेल्या अपत्याचे मुख दिसेपर्यंत तिने त्याच्याजवळ राहावे. इंद्राच्या या कृपेमागचे कारण नाटकात उघड आहे. पुरूरवा हा देवांच्या युद्धातील त्याचा साहाय्यक आहे.

याचा परिणाम पाचव्या अंकात दिसतो. संगमनीय मणी पळवणाऱ्या पक्ष्याला कोणाचा तरी बाण लागतो, आणि त्या बाणावर कोरलेल्या अक्षरांतून आपल्याला आयु नावाचा पुत्र आहे हे राजाला कळते. उर्वशीने मुलाला च्यवनाच्या आश्रमात लपवून वाढवले होते, कारण पिता-पुत्रांची भेट होताच तिला परतावे लागणार होते. पुत्रलाभ आणि प्रियावियोग एकाच क्षणी समोर येतात. राजा राज्य मुलाच्या हाती देऊन वनात जाण्याचे ठरवतो. तेवढ्यात नारद इंद्राचा निरोप घेऊन येतो : देव आणि दानव यांचे युद्ध जवळ आले आहे, म्हणून राजाने शस्त्र खाली ठेवू नये, उर्वशी आजन्म त्याच्याजवळ राहील.

हा शेवट सुखान्त म्हणून वाचण्याची आपली सवय आहे. परंतु त्यातील व्यवहार स्पष्ट आहे. राजकर्तव्य आणि प्रेम यांच्यात येथे विरोध उभा राहतच नाही, कारण प्रेम हेच कर्तव्याचे वेतन ठरते. शुआनत्सुंगाला राज्य राखण्यासाठी प्रिया गमवावी लागली. पुरूरव्याला शस्त्र न टाकण्याच्या मोबदल्यात प्रिया मिळाली. स्वर्ग येथे क्षमा करीत नाही. तो नेमणूक करतो.

मग किंमत कोणी मोजली? काशिराजाची कन्या असलेली औशीनरी ही राणी तिसऱ्या अंकात चंद्र आणि रोहिणी यांना साक्षी ठेवून प्रियानुप्रसादन व्रत करते आणि पतीला जी स्त्री प्रिय असेल तिच्याशी आपण सलोख्याने राहू असे वचन देते. त्यानंतर ती रंगभूमीवर येत नाही. अखेरीस आयुला ज्येष्ठ मातेला वंदन करण्यासाठी नेण्याचा उल्लेख येतो, एवढाच तिचा पुढील वाटा. दुसरी किंमत आयुची आहे. त्याचे बालपण आईबापांवाचून गेले, आणि पित्याला त्याची ओळख पटली ती बाणावरच्या नावाने. नाटक या दोघांचा हिशोब मांडत नाही. मांडला असता तर शेवटाचा गोडवा टिकला नसता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची हस्तलिखित प्रत १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली त्यांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील इंद्रियजयाच्या प्रकरणात षड्रिपूंमुळे नष्ट झालेल्या राजांची यादी आहे. कामामुळे नष्ट झालेल्यांत दांडक्य भोज आणि कराल वैदेह ही नावे आहेत. ऐल म्हणजे पुरूरवा या यादीत आहे, पण तो लोभाच्या सदरात : चारही वर्णांकडून अतिरेकी करवसुली केल्यामुळे त्याचा नाश झाला असे कौटिल्य सांगतो. महाभारतातही पुरूरव्याने ब्राह्मणांचे धन हरण केल्याची आणि त्यांच्या शापाने तो नष्ट झाल्याची कथा आहे. अप्सरेवर प्रेम करणारा राजा म्हणून ज्याची कीर्ती, त्याच्या राजधर्माचा भंग राजनीतीच्या ग्रंथाला त्या प्रेमात दिसलाच नाही. यांग ग्वेफेयच्या संदर्भात चिनी इतिहासकारांनी काढलेला निष्कर्ष याच्या नेमका उलट आहे.

३. कच, देवयानी आणि यदू

पुरूरव्याचा पुत्र आयु, त्याचा नहुष, नहुषाचा ययाती. नहुष काही काळ इंद्रपदावर बसला आणि इंद्राणीच्या अभिलाषेने पतन पावला. ययातीच्या कथेत अमरत्वाचा प्रश्न थेट संजीवनी विद्येच्या रूपाने येतो, आणि शियानशियाच्या वाचकाला ती कथा विलक्षण ओळखीची वाटेल : दोन वैरी कुळे, मृताला जिवंत करणारी गुप्त विद्या, शत्रुपक्षाच्या गुरूकडे शिष्य म्हणून पाठवलेला तरुण, आणि त्या गुरूची कन्या.

कच हा देवांच्या बाजूने शुक्राचार्यांकडे येतो. असुर त्याला पुनःपुन्हा मारतात. अखेर त्याची राख मद्यातून शुक्राच्याच पोटात जाते. आपल्या पोटातील शिष्याला शुक्र संजीवनी शिकवतो. कच त्याचे पोट फाडून बाहेर येतो आणि गुरूला जिवंत करतो. त्यानंतर देवयानी विवाहाची इच्छा प्रकट करते, तेव्हा कच नकार देतो : ती गुरुकन्या आहे, आणि ज्या उदरात ती होती त्याच उदरात आपणही राहिलो, म्हणून ती बहीण आहे. ज्या विद्येमुळे कच जिवंत झाला तिनेच त्याचे प्रेम निषिद्ध ठरवले. देवयानी आणि कच एकमेकांना शाप देतात, आणि कचाच्या शापामुळे देवयानीचा विवाह ऋषिपुत्राशी न होता पुढे राजा ययातीशी होतो.

मराठी रंगभूमीने या कथेतील राजकीय आशय लवकर ओळखला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९१३ च्या ‘विद्याहरण’ नाटकात मद्यासक्तीने विद्या गमावणारे शुक्राचार्य आणि कर्तव्यापुढे प्रेम बाजूला ठेवणारा कच हे दोन ध्रुव आहेत. आपल्या समाजाच्या हितासाठी परक्याकडून विद्या आणणारा तरुण ही प्रतिमा त्या काळच्या प्रेक्षकाला केवळ पौराणिक वाटली असेल असे म्हणवत नाही.

राजकर्तव्याचा खरा भार मात्र या कथेत शर्मिष्ठेवर पडतो. असुरराज वृषपर्व्याची ही कन्या देवयानीची दासी होते, कारण शुक्राचार्य राज्य सोडून गेले तर संजीवनी जाईल आणि असुरांचा टिकाव लागणार नाही. राजकन्या राज्यासाठी दास्य पत्करते. पुढे ययाती आणि शर्मिष्ठा यांचा गुप्त संबंध, तो उघडकीस आल्यावर शुक्राचा वार्धक्याचा शाप, आणि पुत्रांकडे तारुण्याची याचना, हा क्रम सर्वपरिचित आहे. देवयानीचा ज्येष्ठ पुत्र यदू नकार देतो. शर्मिष्ठेचा कनिष्ठ पुत्र पुरू होकार देतो. राज्य पुरूला मिळते. यदूच्या वंशाला राज्यपद मिळणार नाही असा शाप पिता देतो.

आता या शापाकडे म्हैसूरच्या दृष्टीने पाहावे. म्हैसूरच्या घराण्याच्या परंपरेनुसार द्वारकेहून आलेल्या यदुराय व कृष्णराय या बंधूंपैकी यदुरायाने १३९९ साली राज्याची स्थापना केली. द्वारसमुद्राचे होयसळ, देवगिरीचे यादव आणि म्हैसूरचे वडियार या तिन्ही घराण्यांनी यदूशी नाते सांगितले. सिंदखेडच्या जाधवांमार्फत ते नाते जिजाबाईंच्या माहेरापर्यंत येते. ज्याच्या वंशाला राज्य वर्ज्य केले गेले त्यालाच दक्षिणेतील राजघराण्यांनी आपला मूळपुरुष मानावे, यात विसंगती आहे खरी. कृष्णाच्या यदुकुलामुळे ती सुसह्य झाली हेही खरे. तथापि या निवडीचा आणखी एक अर्थ लावता येतो. पुरूने पित्याचे ऋण आपल्या तारुण्याने फेडले. यदूने ते फेडण्यास नकार दिला आणि वारसा गमावला. ही राजघराणी स्वतःला फेडणाऱ्याचे नव्हे, तर नाकारणाऱ्याचे वंशज म्हणवतात.

म्हैसूरच्या लोकस्मृतीतही वंशावर पडलेल्या शापाची कथा आहे. राजा वडियार याने १६१० साली श्रीरंगपट्टण घेतल्यानंतर अलमेलम्मा या स्त्रीने कावेरीत उडी घेताना म्हैसूरच्या राजांना संतती होऊ नये असा शाप दिला, असे सांगितले जाते. राजाच्या एका कृत्याचा भोग त्याच्या पुढच्या पिढ्यांनी भोगावा, ही ययातीच्या कथेतील कल्पनाच येथे स्थानिक रूप घेते.

४. राजवाड्याची रंगभूमी

ही नाटके म्हैसूरला केवळ पोथ्यांतून पोहोचली नाहीत. पन्नास वर्षांच्या ब्रिटिश कारभारानंतर १८८१ साली म्हैसूरचे राज्य चामराजेंद्र वडियार यांच्या हाती परत देण्यात आले. त्यांच्या कारकिर्दीत राजवाड्याच्या आश्रयाने कानडी नाटकमंडळी उभी राहिली, आणि दरबारी कवी बसप्पशास्त्री (१८४३ ते १८९१) यांनी कालिदासाची ‘शाकुंतल’ व ‘विक्रमोर्वशीय’ ही नाटके कानडीत आणली. ‘अभिनव कालिदास’ हे बिरुद त्यांना मिळाले. म्हैसूरचे संस्थानगीतही त्यांचेच. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग १८८० साली पुण्यात झाला होता. म्हणजे दोन्ही भाषांच्या आधुनिक रंगभूमी जवळजवळ एकाच वेळी दुष्यंत-शकुंतलेकडे वळत होत्या. या देवाणघेवाणीचा इतिहास त्याहूनही जुना आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते कर्नाटकातील भागवत खेळांच्या प्रेरणेने. आणि किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा.

त्याआधीचा एक दुवाही नोंदवला पाहिजे. तंजावरचे शहाजीराजे (राज्यकाळ १६८४ ते १७१२) यांच्या नावावर ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक आहे. कालिदासाची उर्वशी ज्या विषयाच्या नाटकात चुकली, तोच लक्ष्मीच्या विवाहाचा विषय. हुंग शंग चंद्रप्रासादातील पुनर्मीलन रचत होता त्या सुमारास दक्षिणेतील एक मराठी राजा देवतांचा विवाह राजसभेत मांडत होता. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. तरीही दोन्हीकडे अमरांचे प्रेम दरबारातच रंगावे, हे केवळ आश्रयदात्याच्या रुचीचे लक्षण नाही. राजाला स्वतःविषयी जे उघड बोलता येत नाही, ते देवांच्या मुखवट्याआडून त्याच्यासमोर बोलता येते.

नुकत्याच परत मिळालेल्या, पण ब्रिटिश देखरेखीखालील सिंहासनासमोर पुरूरव्याची कथा कोणता अर्थ घेऊन उभी राहिली असेल? इंद्राच्या इच्छेवर ज्याचे सुख अवलंबून आहे असा मांडलिक वीर, ही ‘विक्रमोर्वशीय’ची चौकट. संस्थानी दरबारातील प्रेक्षकाला ती अपरिचित नसावी, एवढे अनुमान करण्यास हरकत नाही.

५. दोन हिशोब

आता तुलनेकडे येता येईल. बाय जूयी आणि हुंग शंग यांच्या रचनांत मनाई पृथ्वीवरची आहे : सैन्य, बंड, राज्य. अमरलोक हा त्या मनाईबाहेरचा प्रदेश आहे आणि म्हणूनच तेथे क्षमा शक्य होते. चंद्रवंशाच्या कथांत मनाईच स्वर्गातून येते. भरताचा शाप, इंद्राची मुदत, शुक्राचा कोप यांचे स्वरूप शासनाचे आहे. तेथे अमरलोक हा आश्रय नसून दुसरे राज्य आहे.

या कसोटीवर आधुनिक शियानशिया आपल्याच प्राचीन परंपरेपेक्षा चंद्रवंशाच्या अधिक जवळ आलेली दिसते. तांग छी हिच्या पीचफुलांच्या कादंबरीवरून २०१७ साली आलेल्या मालिकेत ये ह्वा हा स्वर्गाचा युवराज आहे. सूसू नावाच्या साध्या स्त्रीवरील प्रेम स्वर्गाच्या दरबारात तिच्या जिवावर बेतेल म्हणून तो तिच्याविषयी उदासीन असल्याचे भासवतो. तिला डोळे गमवावे लागतात, आणि ती स्वर्गाच्या कड्यावरून उडी घेते. २०१८ च्या एका मालिकेत तर पुष्पदेवतेच्या कन्येला जन्मतःच अशी गुटिका दिली जाते की तिच्या मनात प्रेम उपजूच नये. स्वर्ग येथे पूर्णतः राज्यसंस्था झाला आहे. त्याला वारस आहेत, सोयरिकी आहेत, सीमेवरची युद्धे आहेत. प्रेमी जीवांना पळून जाण्यासाठी त्याच्या वरती दुसरा स्वर्ग उरलेला नाही.

तथापि फेडीचा प्रकार वेगळाच राहतो, आणि हा भेद निर्णायक आहे. सूसू ही वस्तुतः च्ये भोगण्यासाठी मर्त्य झालेली बाय च्यान ही देवी असते. ती परतते आणि विस्मृतीचे औषध पिऊन दुःख पुसून टाकते. पुढे ये ह्वाही आपले कर्तव्य करताना प्राण देतो आणि अखेर परततो. जो ऋण करतो तोच, दुसऱ्या जन्मात किंवा दुसऱ्या अवस्थेत, ते फेडतो. ‘कल्प’ या विश्वमापनाचा ‘च्ये’ ही व्यक्तीची कसोटी होताना जे अर्थांतर झाले, त्याचेच हे कथारूप म्हणता येईल.

चंद्रवंशात फेड पिढीकडून होते. पुरूरव्याच्या प्रेमाची किंमत आयुच्या बालपणाने, ययातीच्या भोगाची किंमत पुरूच्या तारुण्याने आणि यदूच्या वारशाने. याचे कारण या कथा ज्या साहित्यप्रकारात घडल्या त्यात शोधले पाहिजे. पुराणाच्या पाच लक्षणांत वंश आणि वंशानुचरित यांचा समावेश आहे. तेथे कथेचा नायक व्यक्ती नसून वंश असतो, आणि वंशाच्या वहीत बापाचे नावे टाकलेले मुलाकडून वसूल होणे स्वाभाविकच ठरते. साधकाच्या आत्मविकासाची कथा सांगणाऱ्या शियानशियाला मुलाची गरजच नसते. तिच्या नायकाला अनेक जन्म असतात.

वंशाची ही वही विसाव्या शतकात उघडून पाहिली गेली ती मराठी आणि कानडी या दोन शेजारी भाषांत, जवळजवळ एकाच वेळी. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ सालची; तिच्यासाठी त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वमुखाने बोलू दिले आहे. महाभारतात केवळ हिशोबाच्या रकाना असलेल्या दोन स्त्रिया तेथे साक्षीदार होतात. माथेरानला जन्मलेले, मातृभाषा कोंकणी असलेले गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ हे कानडी नाटक १९६१ साली प्रसिद्ध झाले. कार्नाडांनी पुरूला चित्रलेखा ही पत्नी दिली. लग्न होऊन आलेल्या या तरुणीसमोर नवरा एका रात्रीत वृद्ध होऊन उभा राहतो. पुरूचे तारुण्य ज्याने घेतले त्या ययातीनेच आता आपल्याला वंशाचा वारस द्यावा, असे ती सासऱ्याला सरळ विचारते. धर्माची भाषा बोलणाऱ्या ययातीला त्यावर उत्तर सुचत नाही, आणि ती जीव देते. औशीनरीने चंद्राला साक्षी ठेवून जे मौन पत्करले होते, ते चित्रलेखेने मोडले.

तौलनिक अभ्यासात अमरांची प्रेमकथा ‘निषिद्ध प्रेम विरुद्ध कर्तव्य’ अशा एकाच आशयसूत्रात बसवण्याचा मोह होतो. त्या सूत्राने मनाई दिसते, परंतु फेड दिसत नाही. एखाद्या परंपरेत स्वर्ग क्षमा करतो की नेमणूक करतो, ऋण करणाराच ते फेडतो की मागे राहिलेला, हे पाहिल्यावरच त्या परंपरेला राजाकडून खरोखर काय अपेक्षित होते ते कळते. मावेयच्या मुक्कामावर यांग ग्वेफेयचा मृत्यू सर्वांनी पाहिला, आणि चिनी साहित्य तो आजतागायत विसरलेले नाही. औशीनरी आणि आयु यांच्याकडे मात्र कोणी पाहिले नाही, कारण तो प्रसंग मंगल होता.

सयाजीराव रस्त्यावरून जाणाऱ्या अंबारीत आता राजा नाही. तिच्या मार्गात मंडी मोहल्ल्याच्या बाजूला उभ्या असलेल्या गर्दीला यदूच्या शापाची वा पुरूच्या होकाराची आठवण असण्याचे कारण नाही. पण त्या अंबारीतील जागा एका वंशाने पिढ्यानपिढ्या सांभाळली होती, आणि ती सांभाळताना कोणाकोणाच्या आयुष्याची फेड झाली याची नोंद वंशावळीत सापडत नाही. ती शोधण्याचे काम नाटकांनी व कादंबऱ्यांनी आरंभले आहे. अभ्यासकाने त्यांच्या मागोमाग गेले पाहिजे.